फटफटी, खटारा आणि रुपेरी पडदा

गेल्या श्रावणात वर्गावर अलंकार शिकवीत होतो. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक ही नेहमीची मंडळी येऊन गेली आणि चेतनगुणोक्तीची पाळी आली. निर्जीव वस्तू माणसासारखी हसू, बोलू, रुसू लागली की ती चेतनगुणोक्ती, असे फळ्यावर लिहिले आणि ठेवणीतली चार उदाहरणे काढणार, तोच मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, 'आज गाडी रुसली' हे चालेल का?"

वर्ग हसला. मीही हसलो, पण उदाहरण बरोबर होते, त्यामुळे चालवून घ्यावे लागले. या विद्यार्थ्याच्या वडिलांचे आमच्या दोंडाईच्यात स्टेशनच्या रस्त्याला गॅरेज आहे. त्या घरात हा अलंकार रोज सकाळी सातपासून सुरू होत असणार. पुढे एकदा स्कूटर घेऊन मी तिथे गेलो, तेव्हा मिस्तरी एका जुन्यापुराण्या जीपच्या बॉनेटमध्ये अर्धे उतरले होते. "काय झाले हिला?" असे विचारताच डोके वर न काढता म्हणाले, "हाई गाडी नई शे सर, म्हातारं माणूस शे. तेले राग येस." अहिराणीत सांगितलेली चेतनगुणोक्ती. मला पदव्युत्तर वर्गात दोन वर्षे घालवून जे कळले, ते मिस्तरींना हाताला ग्रीस लावून कळले होते.

त्या दिवसापासून एक छंद लागला. ज्या चित्रपटांत मोटार किंवा फटफटी नुसती नायकाला इकडून तिकडे नेत नाही, तर स्वतःच एक पात्र होऊन बसते, असे चित्रपट आठवायचे, मिळतील ते पुन्हा पाहायचे. आमच्या सौभाग्यवतींच्या मते हा छंद नसून पेपर तपासणे टाळण्याची युक्ती आहे. असेलही.

या शोधात पहिली गंमत ही सापडली, की आपल्या देशात जुन्या खटाऱ्यावरचे दोन सर्वांत चांगले बोलपट एकाच वर्षी, १९५८ साली आले. एक मुंबईत, एक कलकत्त्यात. एकाने लोकांना खुर्चीवरून पाडले, दुसऱ्याला प्रेक्षक बेताचेच मिळाले.

पहिला अर्थातच सत्येन बोस यांचा 'चलती का नाम गाडी'. गॅरेज चालविणारे तीन भाऊ, आणि ते काम करणारे अशोककुमार, अनुपकुमार, किशोरकुमार हेही सख्खे भाऊ. गांगुली कुटुंब खांडव्याचे. आम्हा खान्देशी लोकांना खांडवा परका वाटत नाही. दोंडाईच्याला गाडीत बसून भुसावळला उतरावे, तिथे गाडी बदलावी, की पुढे खांडवा. त्यामुळे हे तिघे आमच्याच रेल्वेलाइनीवरचे, असे आमच्याकडची जुनी माणसे अभिमानाने सांगत.

पावसाची रात्र, मधुबालेची बंद पडलेली मोटार आणि झोपेतून उठलेला किशोरकुमार हा प्रसंग ज्याला माहीत नाही असा वाचक विरळा. दुरुस्तीचे पाच रुपये बारा आणे न देताच ती निघून जाते आणि पुढचे सारे प्रेमप्रकरण या थकबाकीवर उभे राहते. इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकताना किशोरकुमारकडे उपाहारगृहाची नेमकी एवढीच उधारी राहिली होती, अशी आख्यायिका आहे. मला त्यात वेगळीच मौज वाटते. दशमान नाणी आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला सुरू झाली. चित्रपट आला त्याच्या पुढच्या वर्षी. सरकार नव्या पैशांत मोजू लागले होते, पण गॅरेजवाला अजून आण्यांतच हिशेब मागत होता. जुन्या गाडीच्या माणसाला जुनेच नाणे शोभते! त्या चित्रपटातला उघडा खटारा पाहिला की वाटते, चार भावांची गोष्ट आहे ही. फक्त चौथा पेट्रोल पितो.

दुसरा बोलपट ऋत्विक घटक यांचा 'अजांत्रिक'. मूळ कथा सुबोध घोष यांची. रांचीकडच्या डोंगराळ मुलखात बिमल नावाचा एक टॅक्सीवाला आहे. काली बॅनर्जी यांनी ते काम केले आहे. त्याला कुणी नाही. आहे ती १९२० सालची एक शेवरलेट, तिचे नाव जगद्दल. गावातली पोरे तिच्यावर चिखल फेकतात, सोबतचे टॅक्सीवाले हसतात, आणि हा मात्र तिच्याशी बोलतो. रेडिएटरमध्ये पाणी ओतले की तहानलेल्या बैलाने घटाघटा प्यावे तसा आवाज येतो. दिवे डोळ्यांसारखे हलतात. घटकांनी कुठेही 'ही गाडी जिवंत आहे' असे पात्रांकडून वदवून घेतलेले नाही. आवाज ऐकवून काम भागविले आहे. शेवटी बिमल सारी शिल्लक तिच्या नव्या सुट्या भागांवर घालतो, तरी ती चढावर हार खाते. मग भंगारवाला येतो, तिचे तुकडे गाडीवर लादून नेतो. १९५९ मध्ये हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला. अभ्यासक आज त्याला डोक्यावर घेतात. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा रात्री झोप लागली नाही, आणि त्याला एक घरगुती कारण होते. ते पुढे येईल.

कुणी म्हणेल, एवढे यंत्रावर जीव लावणे म्हणजे वेड. पण आपल्याकडे मोटार आली ती बैलाच्या आणि घोड्याच्या गोठ्यातच येऊन उभी राहिली. पोळ्याला ज्याच्या शिंगांना बेगड लागते, त्याच्याच शेजारी खंडेनवमीला ट्रॅक्टरच्या नाकावर झेंडूची माळ चढते. नाते आधीचेच होते. त्याला फक्त चाके लागली.

हे मला कळले तो प्रसंग सांगतो. दोंडाईच्याहून तापी ओलांडली की सारंगखेडा. दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यातला घोडेबाजार देशभर प्रसिद्ध आहे. मी आठ-नऊ वर्षांचा असताना आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला फटफटीवर पुढे टाकीवर बसवून यात्रेला नेले होते. थंडी मी म्हणत होती. यात्रेत तंबूतला सिनेमा आलेला होता. तंबूबाहेर एक अतिशय थकलेला ट्रक उभा होता, त्यात प्रक्षेपणयंत्र, पडदा, खांब, माणसे सगळा संसार. आत लागला होता बी. आर. चोप्रांचा 'नया दौर'. हा १९५७ चा चित्रपट तीस वर्षांनीही यात्रेत गर्दी खेचत होता. टांगेवाला दिलीपकुमार आणि जमीनदाराच्या मुलाने आणलेली मोटारबस यांची शर्यत.

आणि प्रेक्षक कोण? घोडे विकायला आलेली माणसे! टांगा पुढे गेला की तंबू दणाणून जाई. एक फेटेवाले आजोबा तर लगाम स्वतःच्या हातात असल्यासारखे ओरडत होते. बसच्या बाजूने एक माणूस नव्हता. खेळ संपला आणि हीच सारी मंडळी धावत सुटली ती एस.टी.ची शेवटची गाडी पकडायला. आप्पा त्यावर हसले नाहीत. त्यांनी थंड पडलेल्या फटफटीला हाताने चोळल्यासारखे केले, एक किक मारली, दुसरी मारली आणि म्हणाले, "थांब जरा. घोड्याबद्दलचा सिनेमा होता, तिला आवडला नसेल."

तंबूवाल्यांचे ते ट्रक हा एक स्वतंत्र विषय आहे. महाराष्ट्रातल्या फिरत्या सिनेमावाल्यांवर शर्ले अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला, तो २०१६ मध्ये कान महोत्सवात गौरविला गेला. ट्रक ढकलणारी, यंत्राला तेलपाणी करणारी ती माणसे पाहताना माझ्या डोळ्यांसमोर सारंगखेड्याचा तंबू उभा राहिला. चित्रपटातल्या गाड्यांचे सगळेच कौतुक करतात. ज्या गाडीने चित्रपट गावात आणला तिची आठवण कोण ठेवतो?

मुंबईच्या पडद्यावर मोटार म्हणजे प्रामुख्याने टॅक्सी. १९५४ या एका वर्षात चेतन आनंद यांचा 'टॅक्सी ड्रायव्हर' आणि गुरुदत्त यांचा 'आर-पार' असे दोन टॅक्सीवाले नायक आले. पहिल्यात देव आनंद, दुसऱ्यात खुद्द गुरुदत्त. 'टॅक्सी ड्रायव्हर'च्या चित्रीकरणाच्या मधल्या सुटीत देव आनंद आणि कल्पना कार्तिक यांनी लग्न उरकून घेतले, हे तर सर्वश्रुतच आहे. 'आर-पार'मधली नायिका श्यामा गॅरेजमालकाची मुलगी आहे. तेल, पाने आणि जॅक यांच्या पसाऱ्यातही प्रेम फुलू शकते, हे गुरुदत्तांनी दाखविले. पुढे १९७८ मध्ये मुजफ्फर अली यांच्या 'गमन'मध्ये टॅक्सीतला हा आनंद मावळला. उत्तर प्रदेशातून मुंबईत आलेला फारुख शेख टॅक्सी चालवतो आहे आणि गावी वाट पाहणारी बायको आहे स्मिता पाटील, आमच्या शिरपूरच्या घराण्यातली. दिवसभर सगळ्या मुंबईला घरी पोचविणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरी जाता येत नाही, एवढीच ती गोष्ट.

मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे फियाट, हे समीकरण किती पक्के होते! सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई आणि सत्तरच्या दशकात तिचे नाव पद्मिनी झाले. याच सुमारास, १९७२ मध्ये, आकुर्डीच्या बजाजने स्कूटरला राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव दिले, चेतक. कारखाने कुर्ल्याला आणि आकुर्डीला, नावे मात्र मेवाडची! घोडा काही आपल्या मनातून गेला नाही, तो असा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षे. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर ती अधिकृतपणे उरली नाही. आता ती पाहायची तर जुना चित्रपट लावावा लागतो. नायक-नायिका पुढे गात असतात आणि मी मागून जाणाऱ्या गाड्या मोजत असतो.

बाहेरच्या जगात मोटारींचे हे कौतुक अर्थातच फार मोठे. बाँडची 'गोल्डफिंगर'मधली अ‍ॅस्टन मार्टिन किंवा 'बुलिट'मधली सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारांवरून उडणारी मस्टँग शौकिनांना पाठ असते. मला स्वतःला या वेगाच्या गाड्यांत फारसा रस नाही. पण १९५३ चा 'जेनेव्हीव्ह' हा इंग्रजी चित्रपट मात्र वाचकांनी मिळेल तिथून पाहावा. लंडन ते ब्रायटन अशी म्हाताऱ्या मोटारींची फेरी तिकडे दरवर्षी निघते. त्या फेरीतले दोन मित्र परतीच्या वाटेवर पैज लावतात. एकाची १९०४ ची दाराक, तिचे नाव जेनेव्हीव्ह, आणि दुसऱ्याची स्पायकर. गंमत म्हणजे जेनेव्हीव्हच्या मालकाचे काम करणारा जॉन ग्रेगसन याला तेव्हा गाडीच चालवता येत नव्हती! शर्यत ऐन रंगात आलेली असताना रस्त्यात एक वृद्ध गृहस्थ भेटतात. त्यांच्या तरुणपणी त्यांच्याकडे अशीच दाराक होती. ते आठवणी सांगू लागतात, इकडे पैज हातची चालली आहे, आणि तरी हा तरुण त्यांचे ऐकत थांबतो. जुन्या गाड्यांचे वेड नेमके कशाचे असते, हे त्या दोन मिनिटांत आहे.

खान्देशाच्या वेशीवरच्या मालेगावचे नाव इथे न घेणे हा कृतघ्नपणा ठरेल. यंत्रमागांच्या या गावात नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. घोडे परवडत नव्हते, तेव्हा डाकू सायकलींवरून आले! पुढे तिथल्याच 'सुपरमॅन'च्या वेळी कॅमेरा सरकवायला सायकल आणि उंचावरून दृश्य टिपायला बैलगाडी वापरली. फैझा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात हा सारा खटाटोप पाहायला मिळतो, आणि २०२५ मध्ये या मंडळींवर रीमा कागती यांचा मोठा हिंदी चित्रपटही प्रदर्शित झाला. हसू येते खरे, पण विचार करा: घोड्याच्या जागी मोटार आली, मोटारीच्या जागी पुन्हा सायकल आणि बैलगाडी. वाहन कोणतेही असो, त्याच्यावर बसून डाकू होता आले म्हणजे झाले.

मूळच्या 'शोले'तली जय-वीरूची जोडगाडी बीएसए कंपनीची. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजी लष्कराने ज्या जातीच्या फटफट्या वापरल्या, त्यांच्यातली. बाजूची गाडी गाण्यात सुटते, एकटीच धावते आणि पुन्हा येऊन जुळते, हे पाहून मी लहानपणी टाळ्या पिटल्या आहेत. त्याच्या दोन वर्षे आधी, १९७३ मध्ये, राज कपूर यांच्या 'बॉबी'त ऋषी कपूर एका छोट्या, बुटक्या राजदूतवर डिंपलला घेऊन पळाला आणि त्या गाडीचे खरे नाव लोक विसरूनच गेले. राजदूत जीटीएस म्हटले तर मिस्तरी डोके खाजवतील. 'बॉबी' म्हटले की लगेच कळते.

आमच्या आप्पांची फटफटी राजदूतच होती, पण 'बॉबी' नव्हे. दूधवाल्यांची, ग्रामसेवकांची, मास्तरांची ती साधी उंच राजदूत. १९७४ ची गाडी, आप्पांनी १९८४ मध्ये जुनी घेतलेली. प्राथमिक शिक्षक असल्याने मालपूर, विखरण, निमगूळ अशा बदल्या होत गेल्या आणि गाडी धुरळा उडवीत मागे नव्हे, खाली राहिली. मिरचीच्या हंगामात बाजारात ठसका लागला की आप्पा म्हणत, "तिलाही लागतो." दसऱ्याला आई तिला ओवाळी. शेजारची मुले तिला 'बॉबीची आजी' म्हणत, ते आप्पांना मुळीच आवडत नसे.

२००९ मध्ये मी कर्ज काढून चारचाकी घेतली. अंगणात जागा एकच. आप्पांचे गुडघे गेलेले, गाडी दोन वर्षे बंद, टाकीला गंज चढलेला. मी त्यांना न विचारता भंगारवाल्याला बोलावले असे म्हणता येणार नाही. विचारले, पण तो तिला न्यायला दारात उभा असताना. आप्पा म्हणाले, "तुझे अंगण, तुझी गाडी." आणि पेपर वाचू लागले. भंगारवाल्याने हातगाडीवर ती आडवी टाकली. एकवीसशे रुपये मिळाले. तो आकडा मी घरात कुणालाच सांगितला नाही, कारण सांगण्यासारखा नव्हता.

आज तेच दुसऱ्या डोळ्यांनी पाहतो. दिल्लीत 'स्टेट्समन'ची जुन्या मोटारींची फेरी १९६४ पासून निघू लागली, अहमदाबादजवळ प्राणलाल भोगीलाल यांचा मोटारींचा थक्क करणारा संग्रह आहे, पण हे सारे आम्हाला राजेरजवाड्यांचे, रोल्स-रॉईसवाल्यांचे खेळ वाटत. सामान्य माणसाच्या गाडीला कोण वारसा म्हणणार? आणि मग जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने नियम काढला: पन्नास वर्षे पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येईल. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार, क्रमांकाच्या पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे. रोज बाजारात न्यायला नव्हे, प्रदर्शनाला आणि फेरीला. मागच्या बाकावरच्या त्या विद्यार्थ्यानेच मला हा नियम समजावून सांगितला. त्यांच्या गॅरेजात आता नाशिक-पुण्याकडची तरुण मुले जुन्या राजदूत, येझदी, बुलेट शोधत येतात आणि नुसत्या टाकीला आम्हाला पूर्ण गाडीला मिळाले त्याच्या कितीतरी पट देतात. १९७४ ची गाडी २०२४ मध्ये पन्नाशीची झाली असती. हा हिशेब मी तोंडाने केला नाही, पण बोटांवर झाला.

गेल्या दिवाळीत दुपारी दूरदर्शन संचावर 'बॉबी' लागला होता. आप्पा आता पंचाहत्तरीच्या पुढे. नजर अधू, कान मात्र तिखट. पलंगावर डोळे मिटून पडले होते. ऋषी कपूरने गाडी सुरू केली तशी त्यांनी मान वळविली. मला वाटले, जुना आवाज ऐकून गहिवरतील. थोडा वेळ ऐकून म्हणाले, "हा आवाज नंतर भरलेला आहे. आपली असा आवाज करत नव्हती." आणि पुन्हा डोळे मिटले.

मग मी धीर करून त्यांना 'अजांत्रिक' दाखविला. बंगाली कळणार नाही, म्हणून शेजारी बसून सांगत गेलो. रेडिएटरमध्ये पाणी ओतल्याचा आवाज आला तेव्हा ते उठून बसले. बिमल गाडीशी बोलतो, तिच्यावर रागावतो, तिला लाथ मारतो आणि पुन्हा पुसतो, ते सगळे त्यांना न सांगता कळत होते. शेवटी भंगाराचे तुकडे गाडीवर चढविले जातात, आणि एक लहान मूल जगद्दलच्या भोंग्याशी खेळत असते. मी सांगायचे थांबलो. बराच वेळ कुणी बोलले नाही.

"किती दिले त्याला भंगारवाल्याने?" आप्पांनी विचारले.

"लक्षात नाही, आप्पा. पुन्हा पाहावे लागेल."

"आपल्याला एकवीसशे मिळाले होते," ते म्हणाले आणि पाणी मागितले.